दर आठवं घर

माझ्या मामाला सगळं रुग्णालय चिठ्ठीमामा म्हणतं. घरातही म्हणतात, पण त्याच्या पाठीमागे. रुग्णालयात आकडेवारीची एक खोली आहे. तिथे दोन टेबलं, एक कपाट आणि एक पंखा आहे. पंख्याचा वारा फक्त खिडकीकडच्या टेबलाला लागतो. कोणतं टेबल कुणाचं, हे मामानं पहिल्याच दिवशी चिठ्ठी टाकून ठरवलं आणि तो हरला. तेव्हापासून उन्हाळाभर तो ओला रुमाल मानेवर ठेवून बसतो, पण जागा बदलू या असं त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

काम काय करता, असं कुणी विचारलं की तो म्हणतो, "कुणाला विचारायचं, ते ठरवतो." समोरचा पुढचं ऐकायला थांबतो, पण मामाच्या मते वाक्य पूर्ण झालेलं असतं. ते नेहमी मलाच पूर्ण करावं लागतं. एखादा आजार गावात किती पसरलाय हे डॉक्टरांना शोधायचं असतं. सगळ्या गावाला विचारत बसलं तर विचारणारे म्हातारे होतील. म्हणून थोड्यांना विचारायचं आणि त्यावरून सगळ्यांचं ओळखायचं. हे थोडे कोण, ते मामा ठरवतो. म्हणजे तो स्वतः ठरवत नाही, तिथेच तर सगळी गोम आहे. माणसानं निवडायला घेतलं की तो ओळखीचं घर निवडतो, चहा देणारं घर निवडतो, कुत्रा नसलेलं घर निवडतो. म्हणून माणसानं हात बांधून बसावं आणि निवड चिठ्ठीवर सोडावी, हा मामाचा धर्म.

या धर्माचं मूळ आमच्या आजोळच्या एका खाटेत आहे. भावंडं चार, खिडकीजवळची खाट एक. माझी आई सगळ्यांत थोरली, मामा शेंडेफळ. रोज भांडणं नकोत म्हणून मामानंच चिठ्ठ्या टाकायची टूम काढली, आणि खाट रोज आईलाच मिळायला लागली. बऱ्याच दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की आई स्वतःच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडून ठेवते आणि डोळे मिटून बरोबर तीच उचलते. दुसरा मुलगा असता तर चिठ्ठीवरचा त्याचा विश्वास उडाला असता. मामाचा आईवरचा उडाला. चिठ्ठ्यांच्या तो गोळ्या करायला लागला, आणि अजून तशाच करतो.

मामीच्या संसाराचंही सांगायला हवं. आपल्यात म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. मामीनं लग्नानंतर पहिल्यांदा भातातलं एक शीत काढून बोटानं दाबलं, तेव्हा मामा मागे उभा होता. तो म्हणाला, "भात आधी ढवळून घेतला असशील तरच या शिताला अर्थ आहे. वरचं शिजलेलं असतं आणि तळाला वेगळंच चाललेलं असतं." मामी म्हणाली, "मग तुम्हीच बघा." तेव्हापासून त्या घरात भात मामा बघतो. तो वरचं, मधलं आणि तळातलं अशी शितं तपासेपर्यंत भाताची पेज होते आणि दोघं ती मुकाट्यानं खातात.

माझं झेरॉक्सचं दुकान रुग्णालयाच्या फाटकासमोरच आहे. मामाच्या खोलीतले सगळे फॉर्म माझ्याच यंत्रातून निघतात, त्यामुळे कोणती पाहणी चालू आहे हे मला आधी कळतं. गेल्या वर्षी जे फॉर्म आले ते मी यंत्र थांबवून वाचले. वर मोठ्या अक्षरांत आमच्या वसाहतीचं नाव होतं आणि खाली प्रश्न होते. घराबाहेर पडायला त्रास होतो का? जिना चढता-उतरता येतो का? रुग्णालयात स्वतः जाता का?

भानगड अशी होती. रुग्णालयाची एक व्यायामवाली आहे. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या घरी जाऊन ती हातपाय हलवून घेते. आमच्या घरी ती दर मंगळवारी यायची. माझ्या आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. व्यायामवाली यायच्या आधी आई खाटेवरून मोरीपर्यंत जायलाही माझा खांदा धरायची. तिनं आईच्या पायाला वाळूची पिशवी बांधून, दटावून, गोड बोलून तिला हळूहळू एखाद्या वेळी जिना उतरण्यापर्यंत आणलं. पण व्यायामवाली एकच, आणि तिची रुग्णालयातही ओढाताण होतीच. तेव्हा वसाहतीत खरंच गरज असेल तर तिच्या फेऱ्या चालू ठेवायच्या, नसेल तर बंद करायच्या, असं वरून आलं होतं. मामाच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना पाहणी करून उत्तर द्यायचं होतं.

बाई हुशार, पण कायम घाईत. त्या म्हणाल्या, "मामा, बाह्यरुग्ण विभागात रोज इतके लोक येतात. त्यांनाच विचारून टाकू."

मामा म्हणाला, "बाई, रुग्णालयात आलेल्या माणसाला विचारायचं की तुम्हाला रुग्णालयात येता येतं का?"

बाईंनी दोन क्षण विचार केला आणि त्या हसायला लागल्या. ही गोष्ट मामानं पुढे आठवडाभर ज्याला त्याला ऐकवली. मलाही दोनदा ऐकवली. पुढे जे झालं त्यामुळे ती माझ्या चांगलीच लक्षात राहिली.

दर रविवारी मामा आमच्याकडे यायचा. त्या रविवारी आईनं चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि सरळ विषय काढला. "आमचं घर घाल यादीत."

"घालता येत नाही अक्का. निघालं तर निघेल."

"मी काय खोटं सांगणार आहे? गुडघे खरेच दुखतात माझे."

"म्हणूनच नाही घालता येत."

"म्हणजे ज्याचं दुखतं त्याला विचारायचंच नाही?"

"ज्याचं दुखतं त्यालाच शोधून विचारलं, तर सगळ्या गावाचं दुखतं असं निघेल."

"मग निघू दे की. तुझं काय जातं?"

मामानं कप खाली ठेवला. त्यानं तिथल्या तिथे जाहीर केलं की पाहणी संपेपर्यंत तो या वसाहतीत पाऊल टाकणार नाही. बहिणीकडे जाऊन शिकवून आला, असं उद्या कुणी म्हणायला नको. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्याला सांग, नकोच येऊस म्हणावं. आणि बिस्किट खाऊन जा म्हणावं, उघडलंय." तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्या दिवसापासून आई मामाशी माझ्यामार्फत बोलायला लागली.

चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी टाकली. वसाहतीत जितकी घरं होती त्यांना मामानं विचारायच्या घरांनी भागलं, उत्तर आठ आलं. म्हणजे यादीतलं दर आठवं घर घ्यायचं. सुरुवात एक ते आठमधल्या कोणत्या आकड्यापासून करायची, तेवढं चिठ्ठीनं सांगायचं. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात आठ गोळ्या टाकल्या आणि काढायला रुग्णालयाच्या लिफ्टवाल्याला बोलावलं, कारण त्याचं त्यात काही अडलेलं नव्हतं. डोळे गच्च मीट, असं मामानं त्याला बजावलं. त्यानं इतके गच्च मिटले की हात आधी डॉक्टरीणबाईंच्या चहात गेला. मग डब्यातून दोन आकडा निघाला. दोन, दहा, अठरा, सव्वीस, चौतीस, अशी घरं ठरली. मी फॉर्मांचा गठ्ठा पोचवायला गेले होते, तिथेच उभी राहून मोजलं. आमचं घर चोवीस नंबरचं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांग, मी विचारलं नव्हतं."

घरोघरी जाऊन फॉर्म भरायचं काम सर्वेवाल्या मावशींचं. या मावशी वजनदार, गप्पिष्ट आणि उन्हाला वैतागलेल्या असतात. पण या खेपेला त्या जास्तीच्या प्रती न्यायला दुकानात आल्या त्या हसतच. "इतकी सोपी पाहणी जन्मात केली नाही," त्या दुकानात बसलेल्या मामाला म्हणाल्या. "सगळी घरं कशी हाताशी. कुणी घाम पुसायची वेळ येऊ दिली नाही." मामानं डोळे मिटून मान हलवली आणि म्हणाला, "चिठ्ठीची कृपा."

निकाल आला तो सगळ्यांना चकित करणारा. वसाहत ठणठणीत होती. बाहेर पडायला त्रास? नाही. बाजारहाट? स्वतः करतो. रुग्णालयात? चालत जातो. व्यायामवालीची गरज जेमतेम दोन-तीन घरांना. फॉर्मच्या शेवटी इतर तक्रारी लिहायला जागा असते, ती मात्र एकूण एक घरानं भरली होती. वरून कुंड्यांचं पाणी गळतं. वरचे चादरी झटकतात. वरची मुलं उड्या मारतात. वरून दोऱ्या सोडून टोपल्या आमच्या खिडकीसमोर लोंबकळत ठेवतात.

डॉक्टरीणबाईंनी ते वाचून मामाला विचारलं, "या लोकांची सगळी तक्रार वरच्यांबद्दलच कशी हो?"

मामा म्हणाला, "वरच्यांबद्दल तक्रार नाही असा माणूस कुठे असतो बाई? आपल्या विभागातही नाही." बाई पुन्हा हसल्या. अहवाल तयार झाला. येत्या शुक्रवारी समितीच्या सह्या झाल्या की व्यायामवालीच्या फेऱ्या बंद होणार होत्या.

मामा दुकानात येऊन हे सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. आपल्या बहिणीच्या दारचा आधार आपल्याच हातानं काढून घेतला जातोय हे त्याला कळत होतं. पण पाहणी चोख झाली आहे, चिठ्ठी चोख आहे, एकट्या अक्कासाठी आकडे वाकवता येणार नाहीत, असं तो पुन्हा पुन्हा मला सांगत होता. मला नाही, स्वतःलाच सांगत होता. मी म्हटलं, "आईला कोण सांगणार?" तो म्हणाला, "मीच येतो रविवारी. पाहणी संपली, आता यायला हरकत नाही."

रविवारी सकाळी खाली भाजीची गाडी आली होती. मी खिडकीतून दोरीनं टोपली सोडली. आमच्याकडे भाजी अशीच वर येते. आईला रोज उतरणं जमत नाही आणि मला दिवसातून चार वेळा चढायचा कंटाळा. मामा नेमका खिडकीखाली उभा राहून चष्मा पुसत होता. टोपली त्याच्या डोक्यावर टेकली. त्यानं वर पाहिलं आणि तो वरच बघत राहिला. गाडीभोवती त्या वेळी टोपल्यांची नुसती रांग लागली होती. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मजल्यावरून, आमच्या इमारतीतून, समोरच्या इमारतीतून दोऱ्या खाली आल्या होत्या. भाजीवाला प्रत्येक टोपलीत माल टाकत होता आणि दोरीला झटका देत होता.

मामा मान वर करून इतका वेळ उभा राहिला की तळमजल्यावरचे आजोबा दार उघडून बाहेर आले. "काय हरवलं का?"

"या टोपल्या कुणाच्या?"

"वरच्यांच्या. तुमच्या सर्वेवाल्या बाईंनी लिहून नेलंय ते. दिवसभर माझ्या खिडकीसमोर हाच तमाशा." आजोबांनी बोट दाखवलं. "ती निळी शिक्षिकेची, ती तुटक्या कानाची शिंप्याची. माणसं दिसत नाहीत हो त्यातली. शिंपी तर मेला का जिवंत हे टोपली खाली आली की कळतं."

मामानं आजोबांच्या दाराकडे पाहिलं. दारावर आकडा होता, अठरा.

मग तो जिना चढायला लागला. मी वरून ऐकत होते. तो प्रत्येक मजल्यावर थांबत होता, आधी मला वाटलं दम लागला म्हणून. पण तो दारांवरचे आकडे मोठ्यानं वाचत होता. वर आला, वहाणा न काढताच आत शिरला आणि माझ्याकडे कागद मागितला. प्रत्येक इमारतीत तळमजला धरून चार मजले, मजल्यावर दोन घरं, म्हणजे एका इमारतीत घरं आठ. यादीत नंबर खालून वर चढत जातात. दोन नंबरपासून सुरुवात केली आणि दर आठवं घर घेतलं, की प्रत्येक इमारतीतलं एकच घर हाती लागतं, तळमजल्यावरचं उजव्या हाताचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकाही घराला जिना नाही.

मामा होता तिथेच जमिनीवर बसला.

आई म्हणाली, "त्याला सांग, खुर्ची आहे."

"अक्का," मामा म्हणाला, "बाई रुग्णालयाच्या दारात उभ्या राहून विचारणार होत्या म्हणून मी त्यांना हसलो. आणि मी काय केलं? ज्यांना जिनाच नाही त्यांना विचारून आलो, जिना चढता येतो का."

"त्याला सांग, हे मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं."

"म्हणूनच तर तुला विचारता येत नव्हतं," मामा म्हणाला, पण नेहमीचा जोर त्यात नव्हता. चहा न घेताच तो गेला. घरी त्यानं मामीला सगळं सांगितलं तेव्हा ती तांदूळच पाखडत होती. तिनं हातातलं सूप न थांबवता विचारलं, "म्हणजे सगळी शितं तळातलीच काढलीत?" त्या दिवशी मामा जेवला नाही, आणि मामीनं बऱ्याच वर्षांनी मोकळा भात खाल्ला.

त्याला गप्प बसता आलं असतं. चूक कुणाच्याच लक्षात आली नव्हती, आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणून आयुष्यभर ज्यांना शिकवलं त्यांच्यासमोर हसं होणार होतं. पण सोमवारी सकाळी तो बाईंच्या टेबलासमोर उभा होता. मी कागद पोचवायच्या निमित्तानं दारात होते. बाईंनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "मामा, शुक्रवारी समिती आहे. आता नव्यानं कधी करणार? असं करा, तुमच्या बहिणीचा जिना आहे ना, तिथली वरची पाचसहा घरं घाला आणि मोकळे व्हा."

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून, डोळे मोठे करून त्याला हो म्हण, हो म्हण, असं सांगत होते. आईचं घर आपोआप आत येत होतं. कुणी काही म्हणणार नव्हतं.

"नको बाई," मामा म्हणाला. "मग ते वसाहतीचं दुखणं राहणार नाही, माझ्या बहिणीचं होईल. समितीत एकानं जरी विचारलं की हाच जिना का घेतला, तर सगळंच फुकट जाईल."

मला त्या क्षणी त्याचा असा राग आला की हातातले कागद त्याच्या अंगावर फेकावेसे वाटले. आता निवांतपणे विचार करते तेव्हा त्याचं म्हणणं पटतं. तेव्हा पटलं नव्हतं.

मामाचा नवा बेत असा होता की प्रत्येक मजला म्हणजे वेगळं गाव समजायचं. चार मजल्यांचे चार डबे, आणि प्रत्येक डब्यातून सारख्याच चिठ्ठ्या काढायच्या. म्हणजे चिठ्ठी कितीही लहरी वागली तरी एखादा मजला सुटायचा नाही. चार सारखे डबे मामीच्या स्वयंपाकघरात होते. तिनं डाळी, मीठ, साखर वर्तमानपत्रांच्या पुड्यांत बांधली आणि डबे दिले. पुढे आठवडाभर त्या घरात चहात मीठ की साखर हे पुडी उघडल्यावर कळायचं.

चिठ्ठ्या यावेळी वसाहतीच्या अंगणातच काढायचं ठरलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मंगळवारी दुपारी टेबल मांडलं, चार डबे ठेवले, लिफ्टवाल्याला आणलं. खाली तळमजल्यावरचे लोक जमले. वरचे खिडक्यांत. मामा नियम समजावून सांगत होता, तेवढ्यात वरून टोपल्या उतरायला लागल्या. प्रत्येक टोपलीत आपापल्या घराची चिठ्ठी. शिंप्यानं तर तीन पाठवल्या होत्या. मामा ओरडून सांगत होता की जो पाठवेल त्याची घ्यायची असं नसतं, सगळ्यांच्या आधीच आत आहेत, आणि एकेक टोपली परत वर पाठवत होता. शेवटी आमच्या खिडकीतून टोपली आली. दोरी आईच्या हातात होती. आत एकच चिठ्ठी, वर चोवीस लिहिलेलं, आणि कोपरा दुमडलेला.

मामानं ती हातात घेतली. बराच वेळ पाहिली. मग कोपरा अंगठ्यानं सरळ केला, चिठ्ठी परत टोपलीत ठेवली आणि दोरीला झटका दिला. टोपली वर गेली. माझ्या मागे उभ्या असलेल्या मामीनं नाक ओढलं.

लिफ्टवाल्यानं चिठ्ठ्या काढल्या. तिसऱ्या मजल्याच्या डब्यातून तेवीस निघाला. चोवीस निघालाच नाही. तेवीस म्हणजे आमच्या समोरचं दार. तिथल्या काकू या वयातही दोन पायऱ्या एकदम उतरतात. आईनं खिडकी लावून घेतली आणि मी वर गेल्यावर मला म्हणाली, "त्याला सांग, हिचे गुडघे लोखंडाचे आहेत, तिला कशाला विचारतोस?" मी सांगितलं नाही. त्याचं उत्तर मला पाठ होतं.

सर्वेवाल्या मावशींनी पुढचे दोन दिवस मामाला शिव्या घालत वसाहतीचे सगळे जिने चढले. गुरुवारी त्या तेवीस नंबरला जाण्याआधी आमच्याकडे पाणी प्यायला टेकल्या. आईनं संधी साधली. गुडघ्यांचा सगळा इतिहास, कोणता आधी गेला आणि दुसरा का गेला, तो तिनं सांगून टाकला. मावशींनी सगळं ऐकलं, हळहळल्या, आणि पेन काही पिशवीतून काढलं नाही. "मामांची सक्त ताकीद आहे," त्या म्हणाल्या. "निघालेल्या घराबाहेरचं अक्षर लिहायचं नाही. पण खरं सांगू? आज मला सगळं कळलं. माझेही गेलेच म्हणायचे."

या वेळचा निकाल वाचून कुणाला हसू आलं नाही. जसजसा मजला वर, तशी घरात अडकलेली माणसं जास्त. तिसऱ्या मजल्यावर तर दर दुसऱ्या-तिसऱ्या घरात कुणीतरी असं होतं, जे कधी खाली उतरलं ते आठवून सांगावं लागत होतं. शुक्रवारी समितीनं सह्या केल्या. व्यायामवालीच्या फेऱ्या चालू राहिल्या, आणि ती आधी वरच्या मजल्यांवर जाईल असं ठरलं. अहवालात पहिल्या पाहणीचं काय करायचं, असं बाईंनी विचारलं. मामा म्हणाला, "लिहा. माझ्या नावानिशी लिहा. पुढचा तरी इमारत बघून भागाकार करेल."

रविवारी तो आला. आई खाटेवर बसली होती. मी चहा टाकला.

"त्याला सांग," आई म्हणाली, "आमचं घर दोन्ही वेळा निघालं नाही."

"नाही निघालं," मामा म्हणाला.

"आत होतं ना पण? डब्यात?"

"होतं अक्का. मी स्वतः गोळी केली."

"निदान कोपरा तरी दुमडायचास," आई म्हणाली. ती थेट त्याच्याशी बोलली हे तिच्या लक्षातही आलं नाही. "मी असते तर दुमडला असता."

"माहीत आहे." मामानं खुर्ची तिच्या जवळ ओढली. हातात कागद नव्हता, पेन नव्हतं. फॉर्म त्याला तोंडपाठ होता. "आता सांग. घराबाहेर पडायला त्रास होतो का?"

"आता कशाला विचारतोस? पाहणी संपली तुझी."

"संपली. म्हणूनच विचारतोय."

आईनं पदरानं उगाचच खाटेची कड पुसली. "होतो."

"शेवटची खाली कधी उतरली होतीस?"

मला वाटलं, ती आता गुडघ्यांचा इतिहास सुरू करणार. मी मनातल्या मनात चहा दुसऱ्यांदा गरम करायची तयारी केली. पण आईनं गुडघ्यांचं नावही काढलं नाही.

"तू मागे आला होतास ना," ती म्हणाली, "भांडणाच्या आधीच्या रविवारी. तुला खालच्या फाटकापर्यंत सोडायला आले होते तेव्हा. तेवढ्यासाठीच उतरायचे मी. व्यायामवाली विचारायची, उतरून कुठे जायचंय, तर मी म्हणायचे, भाऊ येतो त्याला सोडायला. मग तू यायचा बंद झालास. मग कशाला उतरायचं?"

मामानं चष्मा काढला आणि पुसायला लागला. काच स्वच्छ होती. वसाहतीतल्या इतक्या घरांना त्यानं विचारलं होतं आणि बाहेर का पडत नाही याचं हे उत्तर फॉर्ममध्ये कुठेच बसणारं नव्हतं. त्यानं चहा घेतला, एका बिस्किटाचे दोन तुकडे करून मोठा आईला दिला, लहान स्वतः खाल्ला. ऊन उतरायला लागलं तसा तो उठला आणि दाराशी जाऊन वहाणा घालायला लागला.

आईनं खाटेच्या पायाशी टेकवलेली काठी घेतली. एक हात माझ्या खांद्यावर ठेवून ती उभी राहिली. मामा तिच्याकडेच बघत होता, तरी ती मलाच म्हणाली, "त्याला सांग, थांब म्हणावं. मी येतेय सोडायला."

मी सांगितलं. मामा थांबला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबला.